एकिबास्तुझच्या दोन खाणी

कझाकस्तानच्या ईशान्येला, इर्तिश नदीच्या पश्चिमेस पसरलेल्या गवताळ सपाटीवर एकिबास्तुझ नावाचे शहर आहे. कझाक भाषेत ‘एकी’ म्हणजे दोन, ‘बास’ म्हणजे डोके आणि ‘तुझ’ म्हणजे मीठ. या जागी ज्याला दगडी कोळसा सापडला त्याने खूण म्हणून मिठाची दोन मोठी ढेकळे तेथे ठेवली व त्यावरून गावाला नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. परंतु ज्या मुलखात झाडाची सावली मिळणे दुरापास्त, हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो आणि एका वस्तीपासून दुसरी वस्ती दिवसाच्या वाटेवर असते, तेथे जमिनीखालचे धन पुन्हा सापडावे म्हणून माणसाने काहीतरी खूण ठेवली असेल, हे आम्हांला सहज पटते.

या एका गावाने दोन प्रकारच्या खाणी पाहिल्या. पहिली कोळशाची. तिच्यात माणसे राबली, तिचा धूर आकाशात दिसला. दुसरी आभासी चलनाची. तिच्यात कुदळ नाही, फावडे नाही, माती नाही. आहेत केवळ भिंतभर मांडलेली, रात्रंदिवस गुणगुणणारी संगणकयंत्रे. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत या दुसऱ्या खाणीने एका देशाची वीजव्यवस्था हलवून सोडली. हा इतिहास अगदी ताजा आहे, आणि त्याचा एक धागा पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो. म्हणूनच तो आमच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

सक्तीने वसवलेली भूमी

सोव्हिएत राजवटीच्या दृष्टीने कझाकस्तानचा गवताळ प्रदेश ही रिकामी जागा होती. जे दुसरीकडे नको ते तेथे पाठवावे, असा शिरस्ता पडला. १९३६ मध्ये युक्रेनच्या सीमेवरील पोलिश कुटुंबे आगगाडीत कोंबून उत्तर कझाकस्तानात आणून सोडण्यात आली. १९४१ मध्ये वोल्गा नदीकाठच्या जर्मनांवर तीच पाळी आली. त्यांपैकी अनेकजण कॅथलिक होते. आज कझाकस्तानात जो लहानसा कॅथलिक समाज आहे, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या हद्दपार कुटुंबांत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या देशाच्या राजधानीला भेट दिली, तेव्हा त्यांच्यापुढे जमलेल्या वृद्धांपैकी कित्येकांच्या आईबापांनी हीच वाट तुडवली असणार.

एकिबास्तुझला बंदिवानांची छावणीही होती. रशियन लेखक अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन १९५० ते १९५३ या काळात तेथे कैदी होते व गवंडीकाम करीत. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इवान देनिसोविचच्या आयुष्यातील एक दिवस’ या त्यांच्या कादंबरीमागे याच छावणीचा अनुभव आहे. एकिबास्तुझच्या आरंभीच्या भिंती कोणाच्या हातांनी उभ्या राहिल्या, हे यावरून ध्यानात यावे.

१९५७ मध्ये एकिबास्तुझला शहराचा दर्जा मिळाला. १९७० मध्ये ‘बोगातिर’ ही उघडी खाण सुरू झाली. जगातील सर्वांत मोठ्या उघड्या कोळसाखाणींत तिची गणना होऊ लागली. येथील कोळसा हलक्या प्रतीचा, त्यात राखेचे प्रमाण फार. तो दूरवर वाहून नेण्यापेक्षा खाणीच्या तोंडाशीच जाळावा आणि वीज तारेवरून पाठवावी, असा हिशेब मॉस्कोतील नियोजनकारांनी केला. त्यातून ४००० मेगावॅट क्षमतेचे पहिले औष्णिक केंद्र १९८० पासून टप्प्याटप्प्याने उभे राहिले. दुसऱ्या केंद्राचे धुराडे जवळजवळ ४२० मीटर उंच असून ते जगातील सर्वांत उंच धुराडे मानले जाते. वीज वाहून नेण्यासाठी ११५० किलोव्होल्टची वाहिनीही उभारण्यात आली. इतक्या उच्च दाबाची वाहिनी व्यवहारात त्यापूर्वी कोणी वापरली नव्हती.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. ज्या कारखान्यांसाठी ही वीज निर्माण होत होती त्यांपैकी अनेक बंद पडले. एकिबास्तुझकडे प्रचंड यंत्रसामग्री उरली, गिऱ्हाईक आटले. कोळसा दाराशी, केंद्रे पूर्वीच बांधलेली आणि विजेचा दर सरकारी नियंत्रणाखाली. स्वस्त विजेची अशी तिहेरी सोय जगात फार थोड्या ठिकाणी असेल. तीस वर्षांनी तिच्यावर एका निराळ्याच धंद्याची नजर पडली.

हाउजीचा खेळ आणि विजेचे बिल

हा धंदा कोणता, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो असे नाव धारण करणाऱ्या कोणा व्यक्तीने वा गटाने एक निबंध प्रसृत केला. बँकेवाचून, सरकारवाचून चालणाऱ्या ‘बिटकॉइन’ या चलनाची कल्पना त्यात मांडली होती. ३ जानेवारी २००९ रोजी त्याची वही सुरू झाली. वही हाच शब्द योग्य, कारण हे चलन म्हणजे मुळात जमाखर्चाची एक वही आहे. ती कोणा एका पेढीत नसते; तिच्या नकला जगभरच्या हजारो संगणकांवर असतात.

मग या वहीत नवे पान कोणी लिहायचे? त्यासाठी दर दहा मिनिटांनी एक शर्यत लागते. ठरावीक अटीत बसणारी एक संख्या शोधायची. ती गणिताने काढता येत नाही; फक्त अंदाज करीत राहावे लागते. ज्याच्या यंत्राला ती प्रथम सापडेल त्याला पान लिहिण्याचा मान आणि नवी नाणी बक्षीस. आरंभी हे बक्षीस ५० नाण्यांचे होते. सुमारे दर चार वर्षांनी ते निम्मे होते. २०१२ मध्ये ते २५ झाले, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे कधीच जाणार नाहीत, असाही नियम आहे. या अंदाज बांधण्याच्या कामालाच ‘खाणकाम’ असे नाव पडले.

आमच्या वाचकांना चर्चच्या फेस्ताला रंगणारी हाउजी ठाऊक आहे. ज्याच्या हाती तिकिटे जास्त, त्याची जिंकण्याची संधी जास्त. येथेही तसेच, ज्याची यंत्रे जास्त त्याची संधी जास्त. मात्र एक फरक आहे, आणि साऱ्या अनर्थाचे मूळ त्यातच आहे. तिकिटे वाढली की हा खेळ आपोआप अधिक अवघड होतो. वहीची दर २०१६ पाने भरली, म्हणजे साधारण दोन आठवडे झाले, की कोड्याची काठिण्यपातळी अशी बदलते की विजेता पुन्हा दहा मिनिटांनीच निघावा. यंत्रे दुप्पट झाली म्हणून नाणी दुप्पट होत नाहीत. वाढतो तो फक्त विजेचा खर्च.

पहिल्या वर्षी हे काम घरातल्या साध्या संगणकावर होत असे. २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडवलेली यंत्रे बाजारात आली. २०१६ मधील एक प्रसिद्ध यंत्र सेकंदाला सुमारे १३ लाख कोटी अंदाज बांधी आणि त्यासाठी सुमारे १३०० वॅट वीज अहोरात्र खाई. म्हणजे एक इस्त्री दिवसरात्र चालू ठेवावी तसे. अशी यंत्रे शेकड्यांनी, मग हजारांनी एका छपराखाली आली. २०२१ च्या सुमारास या एका चलनापायी जगात वर्षाला सुमारे १०० अब्ज युनिट वीज खर्च होते, असा केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासकांचा अंदाज होता. अशा धंद्यात नफातोटा विजेच्या दरावर ठरतो. म्हणून धंदेवाईक शहरे सोडून आडवाटेला निघाले. जेथे धरणे आहेत पण गिऱ्हाईक नाही, कोळसा आहे पण कारखाने नाहीत, अशा जागा शोधीत.

चीनच्या नद्यांवरून स्थलांतर

पहिला मोठा तळ चीनमध्ये पडला. सिच्वान प्रांताच्या पश्चिम भागात, तिबेटी वस्तीच्या डोंगरांतून खळाळत येणाऱ्या नद्यांवर अनेक जलविद्युत केंद्रे झाली होती. पावसाळ्यात तेथे इतकी वीज तयार होई की ती वाहून नेण्यास तारा पुरत नसत आणि पाणी तसेच सोडून द्यावे लागे. अशा केंद्रांच्या कुशीत पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या. पावसाळा सरला की नद्या आटत. मग तीच यंत्रे मालमोटारींत घालून शिंच्यांग आणि आतील मंगोलियाच्या कोळशाच्या विजेकडे नेली जात. आपल्याकडे धनगर मेंढरे घेऊन पावसाप्रमाणे घाट आणि देश बदलतात, तसा हा यंत्रांचा कळप ऋतूबरोबर फिरत होता. सप्टेंबर २०१९ मध्ये जगातील अशा खाणकामाचा सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा एकट्या चीनमध्ये होता.

२१ मे २०२१ रोजी चीनच्या मंत्रिमंडळाच्या वित्तीय स्थैर्य समितीने या धंद्याला आळा घालण्याचे जाहीर केले. जूनमध्ये सिच्वानमधील २६ खाणींना वीज तोडण्याचा हुकूम निघाला. जो पाहुणा काल हवासा होता त्याच्यापुढचे ताट एका रात्रीत ओढून घेण्यात आले. लाखो यंत्रे बेघर झाली. काही अमेरिकेत गेली, काही रशियात. पुष्कळशी यंत्रे सीमा ओलांडून शेजारच्या कझाकस्तानात आली.

कझाकस्तानने दार उघडेच ठेवले होते. २०२० मध्ये तेथे हा धंदा कायदेशीर झाला होता. एकिबास्तुझजवळ १८० मेगावॅट वीज घेणारी एक खाण उभी राहिली. तेवढी वीज अखंड घेतली तर दिवसाला ४३ लाख युनिटांहून अधिक होते. ज्या गावाने एकेकाळी कारखान्यांच्या विजेसाठी कोळसा खणला, ते आता आकड्यांसाठी कोळसा जाळू लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये जगातील अशा खाणकामाचा १८ टक्के हिस्सा कझाकस्तानकडे होता आणि अमेरिकेच्या खालोखाल त्याचा क्रमांक लागत होता.

अंधार

परंतु मॉस्कोच्या काळात बांधलेली यंत्रणा आता म्हातारी झाली होती. देशाच्या विजेची मागणी एरवी वर्षाला एक-दोन टक्क्यांनी वाढत असे. २०२१ मध्ये ती सुमारे आठ टक्क्यांनी वाढली. परवाना घेतलेल्या खाणींच्या जोडीला चोरट्या खाणीही होत्या, आणि त्या अधिकृत खाणींच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १२०० मेगावॅट वीज ओढतात, असे सरकारी अधिकाऱ्यांचेच म्हणणे होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तरेकडील मोठ्या केंद्रांतील काही संच बंद पडले आणि वीजकपात सुरू झाली.

२ जानेवारी २०२२ रोजी पश्चिमेकडील झानाओझेन या तेलाच्या गावी लोक रस्त्यावर आले. कारण निराळे होते. वाहनांत भरायच्या गॅसचा दर एकाएकी वाढला होता. असंतोष देशभर पसरला, अल्माटी शहर पेटले, २०० हून अधिक माणसे प्राणास मुकली. सरकारने इंटरनेट बंद केले, तेव्हा यंत्रांचा जगाशी संबंध तुटला आणि त्या देशातील खाणी मुक्या झाल्या. त्यानंतर २४ जानेवारी रोजी राष्ट्रीय वीजवाहिनी कंपनीने १९६ खाणींचा पुरवठा थांबवला. दुसऱ्याच दिवशी, २५ जानेवारीला, उत्तर-दक्षिण वाहिनीवर भार असह्य होऊन दक्षिण कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान या तिन्ही देशांतील लक्षावधी लोक काही तास अंधारात बुडाले.

मार्च २०२२ मध्ये सरकारने जाहीर केले की १०६ खाणी बंद झाल्या. त्यांपैकी ५१ मालकांनी आपण होऊन मिटवल्या आणि ५५ सक्तीने बंद पाडण्यात आल्या. या धंद्याशी संबंध असलेल्यांची काही नावेही प्रसिद्ध झाली. त्यांत माजी राष्ट्राध्यक्षांच्या बंधूंचे नाव होते. गरिबाच्या घरचा दिवा विझत असताना वीज कोणाच्या दारी वाहत होती, ते तेव्हा लोकांना समजले.

या इतिहासातील शेवटचा प्रसंग पुन्हा एकिबास्तुझचाच आहे. २७ नोव्हेंबर २०२२ रोजी, पारा शून्याखाली तीसच्या आसपास असताना, शहराला उष्णता पुरवणाऱ्या केंद्रात बिघाड झाला. त्या मुलखात घरोघरी गरम पाणी नळांतून फिरवून थंडी निवारतात. ते थांबले तेव्हा नळ गोठून फुटले, घरांच्या भिंतींवर बर्फ चढला. आणीबाणी पुकारावी लागली. येथे सत्याला धरून सांगितले पाहिजे की हा बिघाड आभासी चलनाच्या खाणींनी घडवलेला नव्हता. वर्षानुवर्षे दुरुस्तीवाचून झिजलेली यंत्रे हे त्याचे कारण होते. तथापि ज्या गावाच्या कोळशावर अर्धा देश उजळतो, ज्याच्या विजेवर दूरदेशीचे धनिक नाणी पाडतात, त्या गावच्या म्हातारीला आपल्याच घरात कोट-टोपी घालून कुडकुडावे लागले, हे विसरता येत नाही. गावातून वीज गेली, नफा गेला. गावाच्या नळांसाठी मात्र पैसा उरला नव्हता.

पुण्यापर्यंत आलेला धागा

हे सारे दूर मध्य आशियात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. अशा खाणी दूर असतात, हीच गोष्ट काही लोकांनी भांडवल म्हणून वापरली. २०१५ च्या सुमारास ‘गेनबिटकॉइन’ नावाची योजना आपल्या देशात निघाली. तुम्ही पैसे द्या, आम्ही यंत्रे चालवू आणि १८ महिने दरमहा दहा टक्के परतावा देऊ, असे तिचे आश्वासन होते. पुण्यातील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी तिच्यात पैसे घातले. पुढे परतावा थांबला. बिटकॉइनऐवजी योजनेचे स्वतःचे, फारसे मोल नसलेले नाणे हाती ठेवण्यात आल्याच्या तक्रारी झाल्या. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. खटला उभा राहण्यापूर्वीच, जानेवारी २०२२ मध्ये, तो मरण पावला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर छापे पडले.

वर सांगितलेले गणित ज्याला ठाऊक आहे त्याला या आश्वासनातील खोट पहिल्याच वाक्यात दिसली असती. जेथे कोडे दर दोन आठवड्यांनी बदलते, बक्षीस ठरावीक वर्षांनी निम्मे होते, विजेचा दर सरकारच्या मर्जीवर असतो आणि एका हुकमाने सारी खाण बंद पडू शकते, तेथे दरमहा ठरलेला दहा टक्के नफा कोण देऊ शकेल? पण खाण पाहायला कोण जाणार होते? ती होती डोंगरापलीकडे, दुसऱ्या देशात. शेजाऱ्याच्या वाडीत केळी किती लागली हे आपण कुंपणावरून पाहून सांगू शकतो. सिच्वानच्या शेडीतील यंत्र चालू आहे की नाही, किंवा ते मुळात आहे की नाही, हे पुण्यातील शिक्षकाला कसे कळावे?

यंत्रांचा कळप आजही फिरतो आहे. टेक्सासचे माळ, पॅराग्वेची धरणे, इथिओपियाच्या नद्या अशी नवी ठिकाणे त्याला मिळाली आहेत. त्यातून कोठेच भले झाले नाही, असे आमचे म्हणणे नाही. वाया जाणाऱ्या विजेला गिऱ्हाईक मिळाले तर एखाद्या गरीब देशाच्या तिजोरीत दोन पैसे पडतात. कझाकस्तानने पुढे कर वाढवला, परवाने सक्तीचे केले. चुकून का होईना, तो देश शिकला. परंतु शिकण्याची किंमत धंदेवाईकांनी मोजली नाही. त्यांनी यंत्रे उचलली आणि ते पुढच्या गावी गेले. किंमत मोजली ती ज्यांना गाव सोडून जाता येत नाही त्यांनी.

म्हणून आम्हांला वाटते, कोणताही नवा धंदा दारी आला, मग तो खाणीचा असो, बंदराचा असो की आकड्यांचा असो, तर गावाने त्याला तीन प्रश्न विचारावेत. तू आमचे काय वापरणार? तू निघून गेलास तर मागे काय ठेवशील? आणि टंचाई आली तर पहिला दिवा कोणाच्या घरी विझेल? एकिबास्तुझच्या लोकांना हे प्रश्न विचारण्याची संधी कधीच मिळाली नाही; छावणीच्या काळी नाही, कोळशाच्या काळी नाही आणि परवाच्या खाणींच्या वेळीही नाही. त्यांच्या वतीने निर्णय नेहमी दूर कोठेतरी झाला. आपल्याकडे ग्रामसभा आहे, मतदानाचा हक्क आहे, लिहिण्याबोलण्याची मुभा आहे. ती संधी आपण वापरली नाही, तर दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.